विम्याच्या यादीतले घर

तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ मध्ये मालवणच्या किनाऱ्यालगत घोंघावत गेले, तेव्हा आमच्या जुन्या घराची कौले उडाली. वडील प्राथमिक शिक्षक होते. रापणकारांच्या बोलीतले शब्द त्यांनी हयातभर वह्यांत टिपून ठेवले होते. त्या वह्या भिजल्या. तीनच वाचल्या. पुढे आईला घेऊन आम्ही सदनिकेत राहायला आलो. डोक्यावर स्लॅब आला, तरी धास्ती गेली नाही. म्हणून विमा उतरवायचे ठरवले.

विमा प्रतिनिधी माझाच जुना विद्यार्थी. त्याने ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी समजावून सांगितली. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून, म्हणजे त्या वादळाच्या दीड महिना आधी, ती सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली होती. सदनिका ३० लाखांची, तेव्हा विमाही ३० लाखांचा, हा माझा भाबडा हिशेब त्याने खोडून काढला. जमिनीचे मोल यात धरायचे नसते. विमा पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. ६०० चौरस फूट चटईक्षेत्र, बांधकामाचा दर २,००० रुपये, म्हणजे १२ लाख. त्याच्या २० टक्के, २ लाख ४० हजार, सामानासाठी आपोआप मिळतात. अधिक हवे तर यादी द्यावी लागते. आईच्या पाटल्यांसाठी वेगळे संरक्षण जोडावे लागले. खाऱ्या वाऱ्याने हळूहळू गंजणाऱ्या ग्रिलला मात्र भरपाई नाही; ती झीज.

रात्री यादी लिहायला बसलो. फ्रिज, कपाट, पुस्तके, शिलाईयंत्र. प्रत्येकापुढे आज नव्याने घेण्याची किंमत. शेवटी लिहिले, ‘तीन वह्या’, आणि किमतीचा रकाना कोरा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ हलकेच खोडली. “सर, ह्या कागदांचो विमो होवचो नाय.” हस्तलिखिते, दस्तऐवज, रोकड पॉलिसीत वगळलेलीच असतात. मला वाईट वाटले, पण राग आला नाही. जे पुन्हा विकत घेता येते त्याचीच हमी कंपनी देऊ शकते. उरलेले सांभाळणे आपल्याकडेच येते, आणि मी ते इतकी वर्षे टाळत आलो होतो.

हप्ता भरला. आता रोज रात्री वह्या उतरवून घेतो. एक प्रत बहिणीकडे कोल्हापूरला पाठवतो. शाई पसरलेले शब्द लागत नाहीत, तेव्हा आईला विचारतो. तिला अजून आठवतात.