फाटकाबाहेरची पहिली खोली

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'शाळेने काय दिले' हा विषय सुचवला होता. त्यावर माझ्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी याच अंकात आहेत. मी लिहिणार आहे ते शाळेला जे देता येत नाही त्याविषयी. आपल्या वसतिगृहाचे फाटक रात्री नऊला लागते, वंदनेनंतर हजेरी होते आणि एक मूल कमी भरले तर सारे आवार टॉर्च घेऊन बाहेर पडते. पाचवीत आलेले लेकरू या हजेरीतच मोठे होते. त्याला त्रिशरण-पंचशील पाठ असते, संविधानाची उद्देशिका पाठ असते. परंतु अनोळखी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून 'इथे राहावे की न राहावे' हे ठरवण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलेला नसतो. तो प्रसंग निकालानंतर जून-जुलैत, बहुधा आकुर्डी किंवा चिंचवड स्टेशनवर उतरल्यावर येतो.

आपली बरीच मुले त्याच पट्ट्यात जातात. अभियांत्रिकी, नर्सिंग आणि आयटीआयची मुले निगडी, आकुर्डी, पिंपरीकडे; 'कमवा आणि शिका'वाली चाकण, महाळुंगे, निघोजेकडे. ज्यांच्या घरात शहर पाहिलेले कोणी नाही, त्यांच्याबरोबर खोली पाहायला जाण्याचा माझा परिपाठ पुष्कळ वर्षांचा आहे. इतिहासाच्या शिक्षिकेला जून महिन्यात दुसरे काम तरी काय असते!

खोली दाखवणाऱ्या एजंटाचे एक वाक्य ठरलेले असते : "मॅडम, एरिया एकदम चांगला आहे." या 'चांगला' शब्दाचा अर्थ लावण्यात माझी बरीच वर्षे गेली. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली स्थापन झाला. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. म्हणजे हे शहर आमच्याच पिढीच्या वयाचे. त्यात प्राधिकरणाने आखलेली सेक्टरांची वस्ती आहे, मूळ गावठाणे आहेत आणि दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांनी पत्र्याला पत्रा लावून उभारलेल्या वस्त्याही आहेत. एजंटाचा 'चांगला एरिया' म्हणजे पहिल्या प्रकारातला. तो चांगला कशावरून, असे विचारले की उत्तर येते, "सगळे सुशिक्षित लोक आहेत, तसले कोणी नाही." हे 'तसले' कोण, ते तो सांगत नाही. आपल्याला ते सांगावे लागत नाही.

वस्ती चांगली की वाईट हा एक प्रश्न आहे आणि आपले मूल तिथे सुरक्षित आहे का हा दुसरा. लोक दोन्हींचे उत्तर एकच समजतात. मी ते वेगळे ठेवते.

सुरक्षिततेचा प्रश्न मी घड्याळ आणि वार पाहून सोडवते. एम. ए. करताना मी पिंपरीला आत्याकडे राहत असे. आत्याचे यजमान कारखान्यात पाळीने जात. दुसरी पाळी सुटली की अकराच्या सुमाराला रस्त्यावर सायकलींची रीघ लागे, चहाच्या गाड्या पेटलेल्या असत, आणि त्या वेळी एकट्या मुलीला चालताना भय वाटत नसे. तोच रस्ता साडेबाराला ओस पडे. या पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शनिवारी गजबजलेला रस्ता गुरुवारी संध्याकाळी निर्जन दिसतो. म्हणून खोली रविवारी दुपारी पाहून ठरवू नये, असे मी पालकांना सांगते. मूल ज्या वेळी क्लासवरून किंवा पाळीवरून परतणार, त्या वेळी स्टेशनपासून अथवा बसथांब्यापासून खोलीपर्यंत आईबापांनी स्वतः चालून जावे आणि एक फेरी गुरुवारी करावी. दिवे किती लागलेले आहेत, कंपाउंडाची नुसती भिंत किती लांब आहे, उघडे दुकान कोणते, हाक मारली तर ऐकणारे माणूस कुठे बसलेले असेल, हे पाहावे. उशिरापर्यंत उघडे राहणारे औषधाचे दुकान आणि ओट्यावर बसणाऱ्या चार म्हाताऱ्या बायका यांना मी सीसीटीव्हीपेक्षा जास्त मानते. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. म्हाताऱ्या आधी ओरडतात.

आणि धोका नेहमी वस्तीतच बसलेला असतो असेही नाही. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारी मुलीला कामावर नेणाऱ्या गाडीच्या चालकानेच, साथीदारासह, गहुंजेकडे नेऊन तिच्यावर अत्याचार केला आणि तिला ठार मारले. तिच्या घराच्या परिसराचा यात काय दोष होता? सुरक्षित म्हणून दिलेले वाहनच घातकी निघाले. तेव्हापासून खोली पाहताना मी खोली आणि कामाची जागा यांच्यामधले अंतर आधी विचारते, भाडे नंतर.

चाकणची गोष्ट निराळी. तिथे शेतकऱ्यांनी उरल्यासुरल्या जमिनीवर ओळीने खोल्या बांधल्या आहेत आणि त्या 'कॉट बेसिस'वर जातात. एका खोलीत सहा कॉट. दिवसपाळीचा मुलगा उठला की त्याच कॉटवर रात्रपाळीचा निजतो. पालक विचारतात, "मॅडम, तिकडं गुंडगिरी आहे का हो?" पगाराच्या आठवड्यात फोन हिसकावून नेणारे असतात, हे खरे. परंतु माझ्या मते तिथे आपल्या मुलाला भीती गुंडाची कमी आणि कंटेनरची अधिक आहे. खोली पुणे-नाशिक महामार्गाच्या एका अंगाला आणि कंपनी दुसऱ्या अंगाला असली, तर मूल महिन्यातून पन्नास वेळा तो रस्ता ओलांडणार, त्यातले निम्मे वेळा अंधारात, डोळ्यांवर झोप घेऊन. तळेगाव चौकात संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले की मी काय म्हणते ते कळेल. (याच चाकणच्या भुईकोटात 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने थोपवून धरले. सहलीला नेलेली मुले मला विचारतात, डोंगर नसताना किल्ला लढला कसा. पण तो विषय वर्गातला.)

दुसरी पाहायची गोष्ट दार. 30 ऑगस्ट 2023 च्या पहाटे चिखलीतील पूर्णानगरात एका हार्डवेअर दुकानाला आग लागली आणि त्या दुकानातच राहणारे चौघांचे कुटुंब बाहेर पडू शकले नाही. त्याच वर्षी 8 डिसेंबरला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. मेल्या त्या बहुतेक पोटासाठी आलेल्या बायका. म्हणून खोलीला दुसरी वाट आहे का, खिडकीची जाळी आतून उघडते का, जिन्याखाली गॅसच्या छोट्या टाक्या भरून देण्याचा धंदा चालतो का, शेजारच्या बंद शेडमध्ये काय बनते, हे विचारलेच पाहिजे. विचारल्यावर घरमालक चिडला, तर तेही एक उत्तरच.

हे सारे कोणत्याही समाजाच्या मुलाला लागू आहे. आता जे फक्त आपल्या मुलांना लागू आहे, ते.

1917 साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला राहायला खोली मिळेना. एका पारशी सराईत, पारशी नाव नोंदवून, त्यांना वरच्या मजल्यावर जागा मिळाली. तिथे छप्पर होते, खाली राखणदाराचे कुटुंब होते. आजचा एजंट त्या जागेला 'सेफ' म्हणाला असता. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम झाला. बाबासाहेबांचे एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही होते. दोघांनीही आसरा देण्यास असमर्थता दाखवली. मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी ते तास कामाठी बागेत काढले. हा प्रसंग मी दरवर्षी दहावीच्या वर्गात सांगते आणि मुले अपमानाविषयी बोलतात. मला त्यात खोली निवडणाऱ्यासाठीही एक गोष्ट दिसते. ज्या जागेत खरे नाव लपवून राहावे लागते, तिथले रक्षण नाव कळेपर्यंतचेच असते.

आज काठ्या घेऊन कोणी येत नाही. आडनाव विचारतात, त्यावरून कळले नाही तर गाव विचारतात, मग जेवणात काय चालते ते विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी निरोप येतो की जागा गेली. 1955 च्या कायद्याने, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. पण 'जागा गेली' या दोन शब्दांवर कोणते कलम लावणार? तिकडे पैशांचा हिशेबही बोलका आहे. ज्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. तिच्यात पिंपरी-चिंचवडसाठी वर्षाला जे 60,000 रुपये ठरले, त्यांतला निवास भत्ता 20,000. म्हणजे महिन्याला सतराशेच्याही आत. एवढ्यात 'चांगल्या एरिया'त कॉटसुद्धा मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी आपली एक विद्यार्थिनी नर्सिंगला लागली. तिच्यापुढे दोन जागा होत्या. पहिली सेक्टरमधल्या सोसायटीत, तीन मुलींबरोबर. गेटवर वॉचमन, लिफ्ट, सारे काही. एजंट हळूच म्हणाला, "कुणी विचारलं तर आडनाव नुसतं गावावरून सांगायचं, आणि भिंतीवर फोटो-बिटो नको." दुसरी एका कामगार वस्तीत, एकमजली, एका विधवा मावशींच्या घराला लागून. तिथे नळाला पाणी पहाटेच यायचे. त्या वस्तीचे नाव काढले की रिक्षावाला भाडे नाकारायचा. पण मावशी स्वतः धुण्याभांड्याच्या कामाला पहाटे बाहेर पडणाऱ्या, गल्लीत रात्री बारापर्यंत जाग, रुग्णालय पायी बारा मिनिटांवर, आणि कोपऱ्यावर पंचशील ध्वज. आम्ही रात्री दहाला आणि पुन्हा गुरुवारी चालून पाहिले. गल्लीच्या तोंडाशी दारूचा एक अड्डा होता, तो मी मुलीच्या आईपासून लपवला नाही. आई सोसायटीच्या बाजूने होती. तिचे म्हणणे असे की आम्ही जन्म अशाच वस्तीत काढला, लेकीला तरी लिफ्ट मिळू दे, नाव काय, चार वर्षे नाही सांगितले तर बिघडते कुठे. त्या माउलीला मी चूक म्हणू शकत नाही. मुलीने मात्र एकच विचारले : "मॅडम, तिथं रात्री मला ताप आला तर मी कुणाचं दार वाजवू?"

तिने मावशींची खोली घेतली. अड्ड्यावरून जायला नको म्हणून मागच्या बोळाने जायची. पहिल्या वर्षी एकदा तिचा फोन चोरीला गेला, आणि गल्लीतल्याच पोरांनी तो दोन दिवसांत शोधून आणला. भाडेकरार मात्र आम्ही करून घेतला होता. मावशी म्हणाल्या, "आमच्यात कागद कशाला?" कागद दोघींसाठी असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, आणि तसा लेखी करार नसेल तर वादाच्या वेळी, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे ऐकल्यावर मावशींनी अकरा महिन्यांच्या करारावर लगेच सही केली, आणि वर मला चहा पाजला.

25 डिसेंबरला देहूरोडच्या बुद्ध विहारात, जिथे बाबासाहेबांनी 1954 साली बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आपले पुष्कळ माजी विद्यार्थी येतात. गर्दीत 'जय भीम' झाला की पहिली चौकशी खोलीचीच होते : कोणाची सुटते आहे, कोणाला हवी आहे, कोणता घरमालक सरळ आहे. ही तोंडी माहिती कागदावर यावी म्हणून शाळेच्या कार्यालयात मी एक वही ठेवली आहे. गल्ली, भाडे, पाण्याची वेळ, रस्ता गुरुवारी कसा असतो, दुसरी वाट आहे की नाही, आणि आडनाव विचारले का, असे तिचे रकाने आहेत. दापोडी, कासारवाडी आणि पिंपरीची पाने भरली आहेत. मोशीचे अर्धे झाले आहे. महाळुंगे आणि खराबवाडीची पाने अजून कोरी आहेत; तिकडे राहणाऱ्यांनी संमेलनाला येताना तेवढे लिहून आणावे.