चपळ पल्सचं सर्किट

दुरुस्त केलेला ऑसिलोस्कोप परत देण्याआधी तो खरोखर १०० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो का, हे बघायला मला त्याच्याहून चपळ सिग्नल लागतो. अशा स्कोपचा राइज टाइम ०.३५ भागिले बँडविड्थ, म्हणजे साडेतीन नॅनोसेकंद. माझ्या फंक्शन जनरेटरची चौकोनी लाट त्याहून बरीच मंद चढते. म्हणून पल्स जनरेटर मी स्वतःच बांधला.

सर्किट जिम विल्यम्स यांच्या १९९१ सालच्या अ‍ॅप्लिकेशन नोटमधलं. २एन२३६९ हा जुना स्विचिंग ट्रान्झिस्टर, दहा लाख ओहमच्या रेझिस्टरमधून कलेक्टरला ९० व्होल्ट, बेसपासून ग्राउंडला १० किलोओहम, एमिटरला ५० ओहम. डेटाशीटमध्ये कलेक्टर-बेसची मर्यादा ४० व्होल्टच आहे. आपण मुद्दाम ती ओलांडतो. कलेक्टरवरचा कपॅसिटर भरत जातो, ट्रान्झिस्टर अ‍ॅव्हलांशमध्ये कोसळतो आणि साठलेला चार्ज एका झटक्यात बाहेर पडतो. चढण सुमारे ३५० पिकोसेकंदांची! हे काम जमेल अशी हमी कुठलीच कंपनी देत नाही, त्यामुळे सॉकेटमध्ये एकेक ट्रान्झिस्टर लावून निवडावा लागतो. काही लगेच पल्स देतात, काही ढिम्म हलत नाहीत.

मूळ सर्किटमधला कपॅसिटर जेमतेम दोन पिकोफॅरडचा. त्याचा पल्स इतका अरुंद, की १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला त्याची पुरती उंचीही दिसत नाही. मी त्याजागी आरजी-५८ केबलचा एक मीटरचा तुकडा जोडला, दुसरं टोक उघडं ठेवून. या केबलमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला २० सेंटिमीटर जातो. जाऊन परत यायला दहा नॅनोसेकंद, तेवढीच पल्सची रुंदी. माथाही सपाट मिळतो.

खरी मेहनत मात्र तारांच्या लांबीवर. एमिटरचा पाय मी अगदी बुडापाशी कापून थेट बीएनसी कनेक्टरच्या पिनेवर सोल्डर केला, खाली अखंड तांब्याचा पत्रा. प्रोबची पंधरा सेंटिमीटरची ग्राउंड वायर इथे चालतच नाही. ती आणि प्रोबची कपॅसिटन्स मिळून शंभर-सव्वाशे मेगाहर्ट्झला लाट थरथरवतात आणि माणूस निर्दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष शोधत बसतो. अ‍ॅटेन्युएटर, ५० ओहमचं टर्मिनेशन आणि थेट केबल, एवढंच मी वापरतो.

हाच पल्स टी-कनेक्टरमधून लांब केबलमध्ये सोडला, की तुटलेल्या जागेवरून प्रतिध्वनी परत येतो. तो साठ नॅनोसेकंदांनी दिसला, तर केबल सहा मीटरवर उघडायची.