पंप बदलण्याआधी

सातपूर, नाशिक

चि. बाळ,

तुझ्या लोगनचा पेट्रोल पंप गेलाय, असं गॅरेजवाल्यानं सांगितल्याचं ताईकडून कळलं. नवा पंप घेण्याआधी हे पत्र वाच. कसारा घाटात गाडी मान टाकते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू होते. ही लक्षणं पंपाची असू शकतात, तशीच पंपापर्यंत नीट न पोचणाऱ्या करंटचीही.

या गाडीबद्दल मला आपुलकी आहे. २००७ साली महिंद्र-रेनोची लोगन आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडली. रेनो बाजूला झाल्यावर २०११मध्ये तिचीच व्हेरिटो झाली. एवढ्या वर्षांत इंजिन टिकतं, पण वायरिंग थकतं. आबांच्या पद्मिनी गाडीत पंप इंजिनावरच होता, कॅमच्या धक्क्यानं चालायचा. त्याला वीज लागतच नव्हती. तुझ्या गाडीतला पंप टाकीत बुडालेला असतो आणि फ्यूज, रिले, कपलर, मागेपर्यंत गेलेली वायर आणि अर्थ यांतलं काहीही ढिलं झालं तरी तो अडतो.

बिघाड हजर असतानाच तपासणी कर. थंड गाडी खरं बोलत नाही. चावी ऑन केल्यावर मागून दोनेक सेकंद घूं आवाज यायला हवा. नाही आला तर फ्यूज काढून त्याचे पाय बघ. फ्यूज शाबूत असूनही पाय काळे पडले असतील किंवा सॉकेटचं प्लास्टिक वितळलं असेल, तर पकड ढिली आहे. मग त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघ. रिलेची टिकटिक ऐकू आली म्हणून तो चांगला, असं धरू नकोस. टिकटिक ८५ आणि ८६ या पिनांमधल्या कॉइलमुळे होते; पंपाचा करंट ३० वरून ८७ वर जातो, आणि तिथल्या कॉन्टॅक्टवर कार्बन चढला तर तो अडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कपलर काढून मल्टिमीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि वायरिंग ठीक म्हणून पंपावर ठपका येतो. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून एका तारेवर तगलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. पंप मात्र साधारण ५ अँपिअर ओढतो. वाटेत नुसता अर्धा ओहम अडथळा आला, तरी दोन-अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. पंप मंदावतो, प्रेशर उतरतं, आणि चढावर इंजिनला जास्त पेट्रोल हवं असतं तेव्हाच गाडी गचके खाते. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, पंप चालू असताना मागच्या बाजूनं मोज. मग मीटरची एक पिन पंपाच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थचा बोल्ट काढून गंज खरवड आणि घट्ट आवळ.

एक गोष्ट कधीही करू देऊ नकोस: बॅटरीवरून पंपाला डायरेक्ट लाइन. अपघातात इंजिन बंद पडलं की इसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, रिले तोडतो आणि पंप थांबतो. डायरेक्ट लाइनवर तो चालूच राहील आणि फुटलेल्या पाइपातून पेट्रोल रस्त्यावर ओतत राहील. या जुगाडानं गाडी घरी येते, पण आत बसलेल्यांच्या जिवाशी खेळ होतो. फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा घालणंही तसंच धोक्याचं. पेट्रोलचा वास येत असेल तर तपासणी तिथेच थांबव. टाकीवरचं झाकण उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायचीच.

गॅरेजवाल्याला एवढंच विचार: कपलर जोडलेला असताना त्यावर किती व्होल्ट मिळाले? बॅटरीइतकेच मिळत असतील आणि अर्थही चांगला असेल, तरी पंप मुका राहिला, तर नवा पंप बेलाशक घाल. मग टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नकोस, कारण पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. आकडा कमी आला तर आधी वायरिंग कर, नाहीतर नवा पंपही तशाच अपुऱ्या करंटवर दमेल. ताईला घेऊन घाट चढण्याआधी कपलरचा आणि अर्थचा, दोन्ही आकडे मला कळव.

तुझा,
मामा