शर्यतीची पेटी आणि विषाणू

पक्ष्यांच्या रोगनिदानात काम करताना कबुतरांच्या साथींचा माग मी जितका काढला, तितकी माझी नजर शर्यतीच्या पेटीवर स्थिरावत गेली. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी अनेक ढाबळींतली कबुतरे क्लबात जमतात, एकाच पेटीत दाटीने बसतात आणि ट्रकने शेकडो किलोमीटर दूर नेऊन एकदम सोडली जातात. प्रवासात पाणी सामायिक आणि पायाखाली सगळ्यांची विष्ठा. त्यातल्या एका पक्ष्याच्या अंगात विषाणू असला, तर विजेत्यांबरोबर तोही घरोघरी पोहोचतो. वाट चुकलेले कबुतर परक्या ढाबळीत उतरते आणि रोग आणखी पुढे नेते.

मे २०१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात शर्यतीची कबुतरे एकाएकी ओकू लागली, त्यांना हगवण लागली आणि ती पटापट मरू लागली. डिसेंबरात हाच आजार व्हिक्टोरिया राज्यात दिसला. २०१७ च्या सुरुवातीपर्यंत नॉर्दर्न टेरिटरी सोडून तो देशभर पसरला होता. शवविच्छेदनात नुसत्या डोळ्यांना बहुधा काहीच दिसत नसे. यकृताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा मेलेल्या पेशींचे पट्टे दिसले. जनुकीय तपासणीत ‘ए’ गटातला, तोवर नोंद नसलेला रोटाव्हायरस हाती लागला. रोटाव्हायरस म्हटले की आपल्याला लहान मुलांची हगवण आठवते; कबुतरांत मात्र त्याने यकृतावर घाला घातला होता.

युरोपातल्या कबुतरप्रेमींना पहिल्या हंगामात उतरणाऱ्या तरुण पक्ष्यांचा असाच एक आजार वर्षानुवर्षे छळत होता. त्याचा ठपका कधी सर्कोव्हायरसवर, कधी अ‍ॅडिनोव्हायरसवर, कधी ई. कोलाय जिवाणूवर येई. पुढे जर्मन संशोधकांनी तरुण कबुतरांना हा रोटाव्हायरस देऊन तोच आजार घडवून दाखवला, तेव्हा कोडे बरेचसे सुटले.

दुसरा जुना वैरी म्हणजे पॅरामिक्झोव्हायरस. कोंबड्यांच्या राणीखेत किंवा मानमोडीच्या विषाणूचाच हा कबुतरांत रुळलेला प्रकार. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो मध्यपूर्वेत आढळला आणि पुढच्या दशकात युरोपभर गेला. २०११ मध्ये तो व्हिक्टोरियातल्या पाळीव कबुतरांत सापडला. रोगी पक्षी सारखा पाणी पितो, विष्ठा पातळ होते, मग मान पिळवटते. दाणा समोर असतो, पण चोच बाजूला पडते. अशा पक्ष्याला खोलगट भांड्यात दाणे दिले आणि पाणी जवळ ठेवले, तर तो काही आठवड्यांत सावरूही शकतो. अँटिबायोटिकने मात्र विषाणू मरत नाही.

हा रोग ढाबळीपुरता राहत नाही. १९८४ मध्ये लिव्हरपूलच्या गोदीत साठवलेल्या धान्यात भटक्या कबुतरांची विष्ठा मिसळली आणि त्या खाद्यातून ब्रिटनमधल्या कोंबड्यांत राणीखेतचा उद्रेक झाला. तिथे आज शर्यतीच्या कबुतरांना या विषाणूची लस कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्याकडे चेन्नई, बेंगळुरू, कोलकाता इथे शर्यतींचे क्लब आहेत आणि कबुतरे जिवापाड जपणारी माणसे महाराष्ट्रातही आहेत. त्या सर्वांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. हंगामाच्या काही आठवडे आधी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लस द्या. विकत आणलेला किंवा भरकटून आलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवा. पेट्या आणि पाण्याची भांडी प्रत्येक फेरीनंतर धुऊन निर्जंतुक करा. ढाबळीत एक जरी कबुतर ओकत असेल किंवा मान वाकडी करत असेल, तर बाकीची धडधाकट दिसली तरी त्या आठवड्याची शर्यत सोडा. मेलेला पक्षी फेकू नका, गोठवूही नका. गोठवल्याने पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बिघडते. पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. आणि आजार लपवू नका. बदनामीच्या भीतीने गप्प बसलेली एक ढाबळ सगळ्या क्लबाला महागात पडते. वेळेवर सांगणारी ढाबळ इतरांचे पक्षी वाचवते.