यवतमाळला टोलेजंग इमारत का नाही?

वर्ध्याकडून एस.टी.नं यवतमाळला निघालात, की वाटेत कळंब लागतं. इथल्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या! देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. तिथून थोड्याच वेळात यवतमाळ. दत्त चौकात उभे राहा आणि मान वर करा. खाली दुकानं, त्यावर दोन-चार मजले, आणि वर मोकळं आभाळ. मुंबईसारखे ऑफिसांचे मनोरे इथं का नाहीत बरं?

‘पैसा नाही म्हणून’ असं चटकन म्हणू नका. आधी मुंबईच्या नरिमन पॉइंटला जाऊ. समुद्रात भराव घालून मिळवलेली ही इवलीशी जमीन. बँका, कंपन्या, वकील सगळ्यांना एकमेकांच्या जवळ जागा हवी. मग जमीन सोन्याच्या भावाची होते, आणि माणूस वर चढतो. १९७४ मध्ये तिथं एअर इंडियाची २३ मजली इमारत उभी राहिली. २०२४ मध्ये ती महाराष्ट्र शासनाला १६०१ कोटी रुपयांत द्यायला केंद्र सरकारनं मंजुरी दिली!

पण उंच जाणं फुकट नसतं. पाया खोल लागतो, पाणी वर चढवायला पंप लागतात, आगीपासून बचावाची सोय लागते. लिफ्ट आणि जिने प्रत्येक मजल्यावर जागा खातात. जमीन महाग असेल तरच हा खर्च परवडतो. यवतमाळात शेजारचा प्लॉट घेणं स्वस्त, मग वर कोण जाणार?

दुसरी गोष्ट कायद्याची. तिचं नाव चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय. सगळ्या मजल्यांवर चटया अंथरल्या असं समजा. त्या चटयांच्या क्षेत्रफळाला प्लॉटच्या क्षेत्रफळानं भागा, झाला एफएसआय! समजा, प्लॉट १००० चौरस मीटरचा आणि एफएसआय १. अर्ध्या प्लॉटवर बांधलंत तर २ मजले, पाव प्लॉटवर बांधलंत तर ४. चटई तेवढीच! मुंबईत हा नियम १९६४ मध्ये आला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर एकच बांधकाम नियमावली आली. तिच्यात रस्ता रुंद, तर एफएसआय जास्त.

ही मर्यादा कशाला? माणसं वाढली की पाणी, गाड्या, सांडपाणी सगळंच वाढतं. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरलेले नाहीत. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि घरोघरी टँकरची वाट पाहणं सुरू झालं. मनोरे असते तर?

पण थांबा, दुसरी बाजूही आहे. गाव वर गेलं नाही, की आडवं पसरतं. लोहारा, वाघापूर ही शेजारची गावं शहराला केव्हाच चिकटली. जिथं कापूस फुलायचा, तिथं प्लॉटच्या खुणांचे दगड दिसतात. काळी माती एकदा सिमेंटखाली गेली, की परत येत नाही.

मग वर जायचं की आडवं? उत्तर मोठ्यांवर सोडू नका. उद्या शाळेचं मैदान आणि इमारत पावलांनी मोजा, आणि तुमच्या शाळेचा एफएसआय काढून पाहा. गावाचा नकाशा उद्या तुम्हालाच काढायचा आहे!