तू त्याला पत्र लिही

नाशिक

चि. मुक्ता,


तुझं पत्र मिळालं. न्यू ऑर्लिन्समधल्या तुझ्या मैत्रिणी एकांत कोठडीतल्या कैद्यांना पत्रं लिहितात, त्यांनी तुलाही बोलावलंय आणि तू एका प्रश्नापाशी अडली आहेस : ‘मावशी, त्याने खरोखरच कुणाचा जीव घेतला असेल तर?’ प्रश्न रास्त आहे, तो मी टाळणार नाही. पण आधी तुझ्या शहरापासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या एका तुरुंगाची हकिगत वाच.

लुइझियानाच्या त्या सरकारी तुरुंगाला सगळे अँगोला म्हणतात. तीन बाजूंनी मिसिसिपी नदी आणि मधे १८,००० एकर जमीन. पूर्वी तिथे गुलामांच्या कष्टावर चालणारा मळा होता. १८६५च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी तेवढी वगळली. पुढे याच जमिनीवर भाड्याने घेतलेले कैदी राबवले गेले आणि १९०१मध्ये राज्याने तुरुंग स्वतःकडे घेतला. घोड्यावर बंदूकधारी पहारेकरी आणि शेतात वाकलेले काळे कैदी, हे दृश्य विसाव्या शतकातही तसंच राहिलं. आजही त्या राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे एक तृतीयांश आहेत आणि तुरुंगांत सुमारे दोन तृतीयांश.

सशस्त्र दरोड्यांच्या शिक्षा भोगायला अल्बर्ट वुडफॉक्स आणि हर्मन वॉलेस तिथे आले. १९७१मध्ये त्यांनी तुरुंगातच काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची शाखा काढली. नव्या, कोवळ्या पोरांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवायचं, कामाच्या अटींवर एकजूट करायची, हे त्यांचं काम. १७ एप्रिल १९७२ला ब्रेंट मिलर या २३ वर्षांच्या गोऱ्या पहारेकऱ्याचा भोसकून खून झाला. आळ या दोघांवर आला. घटनास्थळी रक्ताळलेला बोटाचा ठसा सापडला होता, तो दोघांपैकी कुणाचाच नव्हता. मुख्य साक्षीदार स्वतः कैदी होता आणि साक्षीच्या बदल्यात त्याला सवलती मिळाल्याचं पुढे उघड झालं. गोऱ्या ज्यूरींनी दोघांनाही दोषी ठरवलं आणि जन्मठेप झाली.

आता नीट लक्ष दे. जन्मठेप कोर्टाने दिली होती. एकांतवास कोणत्याही न्यायाधीशाने दिला नव्हता. सहा फूट बाय नऊ फुटांच्या कोठडीत दिवसाचे २३ तास डांबायचा निर्णय तुरुंगाच्या प्रशासनाचा. दर ९० दिवसांनी एक मंडळ त्याचा फेरविचार करायचं आणि दर वेळी कागदावर तेच कारण लिहायचं : कोठडीत टाकण्याच्या मूळ कारणाचं स्वरूप. कैद्याची वर्तणूक कितीही चांगली असो, कारण बदलत नसे. अशी चाळीसहून अधिक वर्षं गेली. १९९४मध्ये वुडफॉक्सची आई वारली, तेव्हा त्याला अंत्यविधीलाही जाऊ दिलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर खुद्द तुरुंगाधिकाऱ्याने देऊन ठेवलं आहे. २००८मध्ये शपथेवर दिलेल्या जबाबात अँगोलाचे प्रमुख बर्ल केन यांना विचारलं गेलं : समजा, वुडफॉक्सने हा खून केलेलाच नाही, तर? त्यांचं म्हणणं असं की तरीही मी त्याला कोठडीतच ठेवेन, कारण पँथरांचे विचार त्याने सोडलेले नाहीत. म्हणजे ज्या गुन्ह्यापाशी तू अडखळतेस, तो गुन्हा त्यांच्या हिशेबात नव्हताच. काळ्या माणसाने संघटित होणं हाच अपराध होता. जिथे पुरावा लागत नाही आणि न्यायाधीश बसत नाही, तिथे वर्णद्वेष असा बिनबोभाट कारभार करतो.

तरी ही माणसं गप्प बसली नाहीत. जेवणाचं ताट जमिनीवरून दाराखालून सरकवलं जाई, त्याविरुद्ध त्यांनी उपोषण केलं आणि गजांमधून ताट देण्यासाठी झरोके मिळवले. नागवं करून झडती घेण्याच्या प्रथेविरुद्ध वुडफॉक्स कोर्टात गेला आणि जिंकला. शेजारच्या कोठडीतल्या निरक्षराला त्याने वाचायला शिकवलं. शेजारी दिसत नसला तरी ओरडून चाली सांगत बुद्धिबळ चाले. रॉबर्ट किंग हा तिसरा सोबती दुसऱ्या खटल्यामुळे २९ वर्षं एकांतात होता. २००१मध्ये सुटल्यावर तो देशोदेशी मागे राहिलेल्या दोघांविषयी बोलत हिंडला.

बाहेरच्या चळवळीला बळ पत्रांनीही दिलं. वॉलेसच्या पत्रामुळे स्कॉट फ्लेमिंग हा कायद्याचा विद्यार्थी या प्रकरणात पडला आणि पुढे त्यांचा वकील झाला. जॅकी समेल या कलावतीने वॉलेसला विचारलं की इतकी वर्षं खुराड्यात काढलेला माणूस कसल्या घराचं स्वप्न पाहतो. त्याने पत्रांतून खोल्या आणि बागा सांगितल्या, तिने त्याचा आराखडा केला आणि ते घर कलादालनांतून लोकांनी पाहिलं. १ ऑक्टोबर २०१३ला कोर्टाने वॉलेसची शिक्षा रद्द केली. यकृताच्या कर्करोगाने पोखरलेला तो बाहेर आला आणि तीन दिवसांत गेला. वुडफॉक्सची शिक्षा तीनदा रद्द ठरूनही सरकार त्याला सोडत नव्हतं. अखेर कमी गंभीर आरोपांवर तडजोड होऊन १९ फेब्रुवारी २०१६ला, एकोणसत्तराव्या वाढदिवशी, तो सुटला. २०२२मध्ये कोविडने जाईपर्यंत तो एकांतवासाविरुद्ध बोलत राहिला.

तू म्हणशील, हे दोघे निर्दोष असावेत, पण सगळेच तसे नसतात. मान्य. २०१३मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे ३०,००० कैद्यांनी दीर्घ एकांतवासाविरुद्ध अन्न नाकारलं. त्यांच्यात खरे खुनीही होते. त्यातल्या पुढाऱ्यांनी आदल्या वर्षीच काळे, गोरे, लॅटिनो अशा सर्व गटांना आपसातलं वैर थांबवायची हाक दिली होती. २०१५च्या समझोत्याने तिथला बेमुदत एकांतवास बहुतांशी थांबला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांनी सलग १५ दिवसांपुढच्या एकांतवासाला मनाई केली. त्या नियमात निर्दोष आणि दोषी असा भेद नाही, आणि तो नसणंच योग्य आहे. माणसाचं मन मोडणं ही शिक्षा कुणालाच देता येत नाही.

हे आपल्याला परकं नाही. वुडफॉक्सला कोठडीत घातलं त्याच १९७२ साली मुंबईत तरुणांनी ब्लॅक पँथरांपासून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी केली. आपल्या तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीनुसार कामं वाटली जात होती, ते नियम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये रद्द केले, तेही एका पत्रकार बाईने खोदून काढल्यावर.

म्हणून, मुक्ता, पत्र लिही. गुन्हा विचारू नकोस, उपदेश करू नकोस, पाळता येणार नाही असं वचन देऊ नकोस. काय वाचतोस, काय हवंय, ते विचार. तुझा दिवस कसा गेला ते लिही. उत्तर उशिरा येईल किंवा यायचं एकदम थांबेल, तेव्हा गटातल्या वकिलांना लगेच कळव आणि चौकशीचं पत्र थेट तुरुंगाला पाठव. या माणसाची बाहेर कुणीतरी नोंद ठेवतंय, हे तिथल्या अधिकाऱ्यांना कळायलाच हवं.

तुझी,
सुमन मावशी