सहा फुटी ॲमेझॉन

रिटायर्ड बाबा, फ्रीलान्सर मुलगी आणि डोंबिवलीच्या हॉलमध्ये जवळपास एक टनाचं स्वप्न. मासे पाळायला गेलो आणि भलतंच काही शिकून बसलो!

‘बाबांना वेड लागलंय. तू जरा घरी जाऊन बघ.’

दादाचा बंगळुरूहून फोन आला, तेव्हा मी एका मासिकाचं थकलेलं मानधन कधी मिळणार, याचा फॉलोअप करत होते. शनिवारी डोंबिवली गाठली. बाबांनी हॉलमधला सोफा सरकवून फरशीवर खडूने एक मोठ्ठा चौकोन आखला होता. सहा फूट बाय दोन फूट.

‘टाकी,’ बाबा म्हणाले. ‘डिस्कस ठेवायचेत.’

आई किचनमधूनच ओरडली, ‘आधी विचार, सोफा कुठे जाणार!’

माझं आणि बाबांचं तेव्हा फारसं बोलणं नव्हतं. मास कम्युनिकेशन केलं, चांगली पर्मनंट नोकरी लागली आणि दोन वर्षांत ती सोडून मी फ्रीलान्सिंग सुरू केलं. बाबांची अख्खी हयात बँकेत गेलेली. ‘पगार कधी होतो’ या प्रश्नाला ‘चेक आला की’ हे उत्तर त्यांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पीएफमधले पैसे काढून मासे आणायला निघालेला हा माणूस बघून मला हसावं की भांडावं, तेच कळेना.

मग त्यांनी मला फोटो दाखवला. ताटलीसारखा गोल, चपटा मासा, अंगावर निळ्या रेघा, लालबुंद डोळे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. याच्या पहिल्या जातीचं शास्त्रीय वर्णन हेकेल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1840 मध्ये केलं. शौकीन लोक त्याला गोड्या पाण्यातल्या माशांचा राजा म्हणतात. मी लहान असताना आमच्याकडे गप्पींची छोटीशी टाकी होती. मुंबईला बदली झाली आणि ती कोणाला तरी देऊन टाकली. बाबा तेव्हापासून थांबले होते, हे मला त्या दिवशी कळलं.

‘मी प्लॅनिंग करते,’ मी म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही.

पहिला प्रश्न वजनाचा. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे चोवीस घनफूट, साधारण 680 लिटर पाणी. त्यात 12 मिलिमीटरची काच, माती, लाकूड, लोखंडी स्टॅण्ड... सगळं धरून टनाच्या आसपास! आपल्या घरांचे स्लॅब साधारणपणे एका चौरस मीटरला 200 किलोचा भार धरून डिझाईन करतात. आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ऐंशीच्या दशकातल्या बिल्डिंगमध्ये. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला घरी बोलावलं. त्यांनी खिडकीसमोरची जागा सरळ फुली मारून बाद केली आणि भिंतीलगत, बीमवर आणि कॉलमजवळची जागा दिली. खिडकी टळली ते बरंच झालं. थेट उन्हाने टाकीत शेवाळ माजतं.

दुसरा प्रश्न आमच्यातला. बाबांना फक्त डिस्कस हवे होते. इंटरनेटवर ताकाशी अमानोच्या टाक्या पाहिल्यापासून मला पाण्याखालचं जंगल हवं होतं. अमानो हा जपानी फोटोग्राफर. ‘नेचर ॲक्वेरियम’ ही त्याची स्टाईल जगभर गेली. लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने 2015 मध्ये चाळीस मीटर लांबीची, एक लाख साठ हजार लिटरची टाकी सजवली आणि त्याच वर्षी तो गेला. आमची टाकी त्याच्या मानाने वाटीच म्हणायची, पण डोळ्यांसमोर तो होता.

क्रॉफर्ड मार्केटातल्या दुकानदाराने दोघांनाही खाली आणलं. ‘दोन्हीपैकी एक निवडा. डिस्कसला 28 ते 30 डिग्री पाणी लागतं. बऱ्याचशा झाडांना तेवढी गरमी सोसत नाही. झाडांना कडक लाईट लागतो, डिस्कस त्याला बुजतो.’ शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साईड दोन्ही कमी विरघळतात. म्हणजे माशांचीही पंचाईत आणि झाडांचीही.

लोकलने परत येताना बाबांनी वही काढली. ‘गरमी सोसणारी झाडं कुठली, तेवढीच लिहू.’ ठाणे येईपर्यंत यादी तयार! मागे उंच व्हॅलिस्नेरिया आणि रुंद पानांचे ॲमेझॉन स्वोर्ड. लाकडाला दोऱ्याने बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न, ज्यांना ना माती लागते ना फार उजेड. मध्ये क्रिप्टोकोराईन, ज्याच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही उगवतात. मी गवताच्या हिरव्या गालिचाचा हट्ट सोडला, बाबांनी ‘मग झाडं कशाला’चा. पुढची जागा मोकळ्या वाळूची ठेवली. डिस्कस तळातलं खातात आणि उरलेलं खाणं वाळूवरून चटकन उचलता येतं. तापमान 28 ठरलं. आमच्या दोघांच्या आयुष्यातला बहुधा पहिला लेखी करार!

सप्टेंबरमधल्या एका रविवारी टाकी लावली. वाळत घातलेल्या धुण्याच्या दांडीखाली बसून बाबा लाकडं फिरवून बघत होते. मुख्य ओंडका बरोबर मध्यात नको, एका बाजूला एक तृतीयांशावर हवा, म्हणजे नजर फिरत राहते. हे मी सांगितलं. फोटोग्राफीच्या लेक्चरमधलं ज्ञान पहिल्यांदाच घरात कामी आलं.

आणि मग सहा आठवडे काहीच नाही. फिल्टरमध्ये बॅक्टेरिया वाढावे लागतात. ते अमोनियाचं नायट्राईट करतात आणि नायट्राईटचं नायट्रेट. हे चक्र बसल्याशिवाय मासे सोडले, तर मेलेच समजा. बाबा रोज संध्याकाळी टेस्ट ट्यूबचा रंग बघून वहीत आकडे लिहायचे, थेट लेजर. शेजारच्या काकू येऊन विचारायच्या, ‘पाण्यात नुसती भाजी लावलीय का हो?’

दिवाळीच्या सुमाराला मासे आले. एकाच ब्रीडरकडून, एकदमच आठ. डिस्कस कळपाने राहतात, दोन-तीनच ठेवले तर त्यातला दुबळा मार खात राहतो. आठवड्यातून दोनदा दोनशे लिटर पाणी बदलायचं. बाल्कनीत ड्रम भरून, हायपो टाकून क्लोरीन घालवायचा. पाणीकपातीच्या दिवसांत सेक्रेटरी काकांनी जिन्यातच गाठलं, ‘बिल्डिंगला पाणी नाही आणि तुमच्या माशांना शॉवर?’ चूक त्यांची नव्हती. बाबांनी बाल्कनीतून खाली पाईप सोडला आणि टाकीतलं जुनं पाणी बिल्डिंगच्या झाडांना जायला लागलं. त्यात नायट्रेट, म्हणजे फुकटचं खत. वॉचमनचा नळ बंद झाला आणि काकांचं तोंडही.

खरी चूक माझी. जानेवारीत तो थकलेला चेक अखेर आला. मला बाबांना दाखवायचं होतं की मीही कमावते. दुसऱ्याच एका दुकानात दोन डिस्कस स्वस्तात मिळाले. वहीत बाबांच्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं: नवीन मासा, चार आठवडे वेगळ्या टाकीत. बाबा पेन्शनच्या कामाला गेले होते. सरप्राईज द्यायचं म्हणून मी ते दोन्ही मासे थेट मोठ्या टाकीत सोडले.

पाच दिवसांत सगळे मासे काळे पडले. पंख मिटून, एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. बाबा दोन आठवडे हॉलमध्येच झोपले. रोज निम्मं पाणी बदलत होते. माझे दोन्ही गेले. आठातले चार गेले.

मी बोलणी खायची वाट बघत होते. शेवटचा मासा जाळीने काढताना बाबा एवढंच म्हणाले, ‘चार उरलेत. बादली आण.’

त्या रात्री बादल्या वाहता वाहता मी पहिल्यांदा त्यांना सांगितलं की कधी कधी महिना काढणं कठीण जातं आणि मला भीती वाटते. त्यांनी पाण्यात हात घालून तापमान पाहिलं. ‘मलाही वाटायची,’ म्हणाले. ‘नोकरी होती तरी.’

पावसाळ्यात चारांपैकी दोघांची जोडी जमली. ॲमेझॉन स्वोर्डच्या एका रुंद पानावर अंडी दिसली. आई-बाप आळीपाळीने पंखांनी त्यांना वारा घालत होते. डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. माशांमध्ये असं फार थोडे करतात. बाबांनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी डेडलाईन सोडून डोंबिवलीला पोचले, तोवर पान कोरं! आई-बापांनीच अंडी खाऊन टाकली होती.

‘असं का करतात?’ मी विचारलं.

‘पहिलटकर जोड्या करतात तसं,’ वहीत तारीख लिहिता लिहिता बाबा म्हणाले. ‘आई-बापही शिकतातच की. वेळ लागतो.’

वर न बघताच त्यांनी विचारलं, ‘तुझा तो लेख कधी येणार? अंक घेऊन ठेवतो.’

सोफा अजूनही बेडरूममध्ये आहे. आईने आता तक्रार सोडली आहे. रात्री जेवणं झाली की ती त्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसते आणि टीव्ही बंदच राहतो.